पळीभर तेल आणि ताऱ्यांचे गणित

(तालुक्यातील शिक्षक, पंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्या एकत्रित मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना आश्चर्य वाटले असेल. माहिती खात्याचा अधिकारी गावात येतो तो पीकविम्याची, लसीकरणाची किंवा मतदारयादीची माहिती घेऊन. ताऱ्यांविषयी गणित मांडणाऱ्या संशोधकाला पैसा कोणी द्यावा, किती द्यावा आणि कशासाठी द्यावा, हा प्रश्न घेऊन तो सहसा येत नाही. तथापि सार्वजनिक निधी ज्या ज्या कामावर खर्च होतो, त्या त्या कामाची हकिकत जनतेला समजेल अशा भाषेत मांडणे हे आमच्या खात्याचे कर्तव्यच आहे. मी स्वतः कला शाखेचा पदवीधर. समीकरणे सोडविणे हा माझा प्रांत नव्हे. म्हणून आज मी समीकरणांविषयी फारसे बोलणार नाही. ती सोडविणाऱ्या माणसाला समाजाने कोठे सांभाळले, कोठे सांभाळले नाही आणि त्यातून काय निष्पन्न झाले, एवढेच आपल्यापुढे मांडणार आहे.

पाटणचा शिलालेख

आरंभ आठशे वर्षांपूर्वीच्या एका दानापासून करू. खानदेशात चाळीसगावजवळ पाटण नावाचे गाव आहे. तेथील देवळातील एक शिलालेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी विद्वानांच्या नजरेस आणून दिला. भाऊ दाजींचे जन्मगाव म्हणजे आपल्या पेडणे तालुक्यातील मांद्रे, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. हा लेख इ. स. १२०७ मधील आहे. थोर गणिती भास्कराचार्य यांचा नातू चांगदेव हा देवगिरीच्या यादव राजाच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांचा 'सिद्धांतशिरोमणी' आणि त्यांच्या घराण्यातील इतर ग्रंथ यांचे अध्ययन चालू राहावे म्हणून त्याने पाटण येथे मठ स्थापन केला, आणि निकुंभ वंशातील सोइदेव राजाने त्या मठास दान दिले, असा त्या लेखाचा आशय आहे.

या लेखाची एक गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. राजाची आणि विद्वानांची स्तुती त्यात संस्कृतात आहे. परंतु मठाला कोणी काय द्यावयाचे, हा शेवटचा भाग त्या काळच्या मराठीत आहे. बाजारात येणाऱ्या मालातून लहानसा वाटा द्यावा आणि चालू असलेल्या घाण्यांमागे पळी पळी तेल द्यावे, असे त्यात नमूद आहे. मोठे दान राजाचे, पण रोजचे पोषण बाजाराचे आणि घाण्याचे. शिवाय ज्याने द्यावयाचे त्याला कळेल अशा भाषेत ते लिहिलेले. ग्रहगणिताचा ग्रंथ शिकविणाऱ्या शाळेचा खर्च तेल्याने आणि व्यापाऱ्याने थोडा थोडा उचलावा, ही कल्पना आपल्या प्रदेशात परकी नाही, हे या लेखावरून स्पष्ट होते.

सैद्धांतिक संशोधक करतो काय?

आता आधुनिक काळाकडे येऊ. आकाशाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ स्थूलमानाने दोन प्रकारचे असतात. एक दुर्बिणीतून पाहणारे. दुसरे पाहिलेल्याचा अर्थ लावणारे आणि अद्याप न पाहिलेल्याचे भाकीत करणारे. या दुसऱ्या प्रकारच्या अभ्यासाला सैद्धांतिक खगोलभौतिकी म्हणतात. तारा का तेजतो, त्याचे इंधन संपल्यावर काय होते, विश्व प्रसरण पावते म्हणजे नेमके काय होते, असे प्रश्न पदार्थविज्ञानाच्या नियमांच्या आधारे गणिताने सोडविणे हे त्याचे काम.

या कामाला लागते काय? कागद, पेन्सिल, चांगले ग्रंथालय, अलीकडच्या काळात संगणक, आणि ज्याच्याशी वाद घालता येईल असा जाणकार सहकारी. सर्वांत महाग वस्तू म्हणजे वेळ. येथे उपस्थित असलेल्या लेखा विभागातील सहकाऱ्यांना माझी अडचण लगेच कळेल. दुर्बीण खरेदी केली तर तिचे बिल मिळते, ती साठानोंदवहीत चढते, तिच्यावर क्रमांक रंगविता येतो. एखाद्या माणसाला पाच वर्षे विचार करावयास दिलेला वेळ कोणत्या नोंदवहीत चढवावा? या शास्त्राच्या पाठबळाचा सारा प्रश्न या एका अडचणीत सामावलेला आहे. खर्च थोडा असतो, परंतु फळ कधी येईल हे सांगता येत नाही. आणि मधल्या काळात दाखविण्यासारखे हाती काहीच नसते.

एक उदाहरण पाहा. १९३० साली सुब्रह्मण्यन चंद्रशेखर हा १९ वर्षांचा तरुण भारत सरकारची शिष्यवृत्ती घेऊन मुंबई बंदरातून बोटीने इंग्लंडला निघाला. त्या प्रवासात त्याने एक गणित केले. इंधन संपलेला तारा आकसून लहान, अतिशय घन असा 'श्वेत बटू' होतो, हे तेव्हा ठाऊक होते. परंतु त्याचे वस्तुमान एका ठराविक मर्यादेपेक्षा अधिक असेल तर तो त्या अवस्थेत स्थिर राहू शकत नाही, असे या गणितातून निघाले. आज ही मर्यादा सूर्याच्या सुमारे १.४ पट मानली जाते. १९३५ साली एडिंग्टनसारख्या ज्येष्ठ शास्त्रज्ञाने लंडनच्या सभेत या निष्कर्षाला जाहीर विरोध केला. पुढे तोच निष्कर्ष या शास्त्राचा आधारस्तंभ ठरला, आणि १९८३ साली चंद्रशेखर यांना नोबेल पारितोषिक मिळाले. शिष्यवृत्ती आणि पारितोषिक यांत ५३ वर्षांचे अंतर आहे. कोणत्याही शासकीय योजनेचा कालावधी ५३ वर्षांचा नसतो. तरीही एका विद्यार्थ्याच्या शिष्यवृत्तीवर झालेला तो खर्च वाया गेला, असे आज कोणीही म्हणणार नाही.

बनारसचे दहा महिने

दुसरे उदाहरण अधिक जवळचे आहे. विष्णू वासुदेव नारळीकर यांचा जन्म १९०८ साली कोल्हापूर येथे झाला. केंब्रिजमध्ये उच्च शिक्षण घेऊन १९३२ साली ते बनारस हिंदू विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख म्हणून रुजू झाले. पंडित मदनमोहन मालवीय यांनी लोकवर्गणीतून उभ्या केलेल्या त्या विद्यापीठात त्यांनी सापेक्षतावादाच्या अभ्यासाची परंपरा निर्माण केली. या परंपरेची कीर्ती ऐकून १९४२ साली प्रह्लाद चुनीलाल वैद्य नावाचे एक तरुण गुजराती गणितशिक्षक बनारसला आले. त्यांना कोणतीही फेलोशिप नव्हती. पत्नी आणि तान्ही मुलगी यांच्यासह ते आपल्या साठविलेल्या पैशांवर सुमारे दहा महिने तेथे राहिले.

त्या दहा महिन्यांत वैद्यांनी हाती घेतलेला प्रश्न असा होता. आइन्स्टाइनच्या सिद्धांतानुसार ताऱ्याभोवतीच्या गुरुत्वाकर्षणाचे जे वर्णन १९१६ पासून प्रचलित होते, त्यात ताऱ्याचा प्रकाश हिशेबात धरलेला नव्हता. खरा तारा तर सतत प्रकाश बाहेर टाकीत असतो आणि त्याबरोबर त्याचे वस्तुमानही किंचित घटत असते. अशा प्रकाशमान ताऱ्याचे गणिती वर्णन वैद्यांनी १९४३ साली प्रसिद्ध केले. तेव्हा त्याची फारशी वाच्यता झाली नाही. साठविलेले पैसे संपत आले तसे वैद्य पुन्हा शिकविण्याच्या नोकरीकडे वळले. पुढे १९६० नंतरच्या दशकात अतिप्रचंड ऊर्जा बाहेर टाकणारे 'क्वासार' सापडले आणि अशा वर्णनाची गरज जगभरच्या संशोधकांना भासू लागली. आज ते 'वैद्य मेट्रिक' या नावाने या विषयाच्या ग्रंथांतून शिकविले जाते.

तिसरे नाव कोलकात्याचे अमलकुमार रायचौधुरी यांचे. महाविद्यालयात अध्यापन करीत आणि नंतर संशोधनसंस्थेत नेमून दिलेल्या वेगळ्या कामाबरोबर त्यांनी सापेक्षतावादाचा अभ्यास जवळजवळ एकट्याने चालविला. १९५५ साली त्यांनी प्रसिद्ध केलेले समीकरण त्यांच्याच नावाने ओळखले जाते. रॉजर पेनरोज आणि स्टीफन हॉकिंग यांनी पुढील दशकात जे प्रसिद्ध सिद्धांत मांडले, त्यांत या समीकरणाचा मोलाचा उपयोग झाला. पेनरोज यांना २०२० साली नोबेल पारितोषिक मिळाले. रायचौधुरी त्यापूर्वीच, २००५ साली निवर्तले होते.

ही उदाहरणे ऐकून कोणी असे म्हणेल की, पाठबळाविनाही जर अशी कामे झाली, तर पाठबळाची गरजच काय? हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो, पण तो फसवा आहे. डोंगराला वणवा लागून गेल्यावर उभे राहिलेले एक काजूचे झाड दाखवावे आणि वणव्याने झाडांना काही होत नाही असे म्हणावे, त्यातलाच हा प्रकार. वैद्यांचे नाव आपल्याला ठाऊक आहे, कारण त्यांच्याजवळ दहा महिने पुरतील एवढे पैसे होते आणि तान्ह्या मुलीसह परगावी काटकसरीत राहण्यास त्यांची पत्नी तयार होती. ज्यांच्याजवळ दोन महिन्यांचीही बचत नव्हती, त्यांची नावे कोणत्याही ग्रंथात नाहीत. देशाने त्या संशोधनावर एक पैसाही खर्च केला नाही, ही अभिमानाची बाब मानता येणार नाही. तो खर्च एका कुटुंबाने सोसला, एवढाच त्याचा अर्थ.

मुंबई, केंब्रिज, पुणे

पाठबळ मिळाले म्हणजे काय घडते, याचाही इतिहास आपल्यासमोर आहे. डॉ. होमी भाभा यांनी १९४४ साली सर दोराबजी टाटा न्यासाला पत्र लिहून मूलभूत संशोधनासाठी संस्था काढण्याची विनंती केली. १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली. न्यासाचा पैसा, तत्कालीन मुंबई सरकारची मदत आणि पुढे भारत सरकारचे अनुदान अशा क्रमाने ती उभी राहिली. खाजगी दात्याने आरंभ करावा आणि शासनाने ते काम कायमचे आपले मानावे, ही रीत येथे यशस्वी झाली.

विष्णुपंतांचे चिरंजीव जयंत नारळीकर १९५७ साली जे. एन. टाटा शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेले. तेथे फ्रेड हॉइल यांच्यासह त्यांनी केलेले गुरुत्वाकर्षणाचे संशोधन १९६४ साली जगभर गाजले. हॉइल यांनी १९६७ साली केंब्रिजमध्ये सैद्धांतिक खगोलशास्त्राची स्वतंत्र संस्था सुरू केली. त्या संस्थेला नफील्ड आणि वूल्फसन या दोन न्यासांचे साहाय्य होते. नारळीकर तिच्या आरंभापासूनच्या सदस्यांपैकी एक. परंतु पैसा मिळाला म्हणजे सर्व काही मिळाले असे होत नाही. प्रशासनाशी मतभेद होऊन हॉइल यांनी १९७२ साली केंब्रिज सोडले. त्याच वर्षी नारळीकर मायदेशी परतले आणि मुंबईच्या टाटा संस्थेत त्यांनी सैद्धांतिक खगोलभौतिकीचा गट वाढविला.

येथे एक अडचण होती. मुंबईच्या संस्थेत उत्तम ग्रंथालय आणि उत्तम सहकारी होते. पण देशातील शेकडो विद्यापीठांतून आणि महाविद्यालयांतून शिकविणाऱ्या अध्यापकाला ते कोठून मिळणार? ज्या विद्यापीठांत तरुण विद्यार्थी असतात तेथे साधने नाहीत, आणि जेथे साधने आहेत तेथे विद्यार्थी थोडे, अशी ही स्थिती होती. तिच्यावर उपाय म्हणून प्रा. यश पाल हे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष असताना १९८८ साली पुणे येथे खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी आंतर-विद्यापीठ केंद्र स्थापन झाले. 'आयुका' या नावाने आपण ते ओळखतो. नारळीकर तिचे संस्थापक संचालक झाले. पणजीच्या कला अकादमीची वास्तू ज्यांनी रचली, त्या चार्ल्स कोरिया यांनीच आयुकाच्या वास्तूचीही रचना केली. डिसेंबर १९९२ मध्ये ती वास्तू राष्ट्राला अर्पण करण्यासाठी स्वतः चंद्रशेखर आले होते.

आयुकाची जी व्यवस्था मला सर्वाधिक महत्त्वाची वाटते, ती 'सहयोगी' अध्यापकांची. महाविद्यालयात शिकविणाऱ्या अध्यापकाची तीन वर्षांसाठी निवड होते. तो सुटीत किंवा रजेवर पुण्यास येतो, ग्रंथालय वापरतो, संगणक वापरतो, सहकाऱ्यांशी चर्चा करतो आणि पुन्हा आपल्या गावी जाऊन शिकवितो. त्याचा प्रवासाचा व राहण्याचा खर्च केंद्र करते. १९४२ साली वैद्यांना जे स्वतःच्या खिशातून करावे लागले, ते करण्याची सोय अशा प्रकारे सार्वजनिक निधीतून झाली.

आपल्या गोव्याचाही या इतिहासाशी संबंध आहे. १९८७ च्या ३० मे रोजी गोवा घटक राज्य झाले. त्याच वर्षीच्या डिसेंबर महिन्यात गुरुत्वाकर्षण व विश्वरचनाशास्त्र या विषयांवरील आंतरराष्ट्रीय परिषद गोव्यात भरली. पुढे या परिषदांची मालिकाच सुरू झाली आणि २०११ साली ती पुन्हा गोव्यात आली. सैद्धांतिक संशोधनात परिषदेचे महत्त्व फार मोठे असते. एका फळ्यापुढे उभे राहून दोन तासांत जो गैरसमज दूर होतो, तो पत्रव्यवहाराने दोन वर्षांतही दूर होत नाही.

हिंगोलीच्या माळावर

आता एक अशी साखळी सांगतो, की जिच्या एका टोकाला कागद-पेन्सिल आहे आणि दुसऱ्या टोकाला हजारो कोटी रुपये. १९७० साली बेंगळुरूचे चि. वि. विश्वेश्वर यांनी एक गणित प्रसिद्ध केले. कृष्णविवराला धक्का बसला तर ते देवळातील घंटेसारखे काही काळ निनादते आणि तो निनाद गुरुत्वीय लहरींच्या रूपाने बाहेर पडतो, असे त्यातून निघत होते. त्या काळी कृष्णविवरे खरोखर आहेत की नाहीत याचीच अनेकांना शंका होती.

दुसरा प्रश्न असा की, अशी लहर पृथ्वीपर्यंत पोहोचली तरी ती ओळखावयाची कशी? जत्रेच्या गोंगाटात दूरवर कोणी ओळखीची चाल वाजवीत असेल, तर ती चाल आधी पाठ असलेल्यालाच ऐकू येते. त्याचप्रमाणे लहरीची 'चाल' अगोदर गणिताने काढून ठेवली, तर यंत्रातील गोंगाटातून ती वेगळी काढता येते. या दिशेचे पायाभूत काम आयुकामध्ये संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी केले. त्यांचा एक महत्त्वाचा निबंध १९९१ साली प्रसिद्ध झाला. बेंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेतील बाला अय्यर यांनी फ्रेंच सहकाऱ्यांसमवेत लहरींचे नेमके रूप गणिताने काढण्याचे काम केले. त्या वेळी अशा लहरी टिपणारे पुरेसे संवेदनशील यंत्र जगात कोठेही नव्हते.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील 'लायगो' या दोन वेधशाळांनी गुरुत्वीय लहर प्रथम टिपली. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूर दोन कृष्णविवरे एकमेकांत मिसळली होती. त्या लहरीने चार किलोमीटर लांबीच्या नळीत जो फरक पडला, तो अणुगर्भातील प्रोटॉनच्या व्यासाहूनही शेकडो पटींनी लहान होता. ११ फेब्रुवारी २०१६ रोजी हा शोध जाहीर झाला. विश्वेश्वर तेव्हा हयात होते. पुढील वर्षीच्या जानेवारीत ते निवर्तले. आपण तरुणपणी कागदावर मांडलेली गोष्ट प्रत्यक्षात ऐकू आल्याचे त्यांना ४५ वर्षांनी कळले.

शोध जाहीर झाल्यानंतर आठवड्याभरातच केंद्र सरकारने भारतात अशीच वेधशाळा उभारण्यास तत्त्वतः मान्यता दिली, आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांचा प्रकल्प मंजूर झाला. त्याची जागा मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ आहे. जगातील मोजक्या देशांच्या पंक्तीत भारताला हे पान कशामुळे मिळाले? त्याच्या कारणांत एक मोठे कारण असे की, यंत्र नव्हते त्या पंचवीस-तीस वर्षांत आपले गणिती या विषयात काम करीत राहिले होते, आणि कोणी तरी त्यांचे वेतन, त्यांचे ग्रंथालय आणि त्यांच्या विद्यार्थ्यांची फेलोशिप चालू ठेवली होती.

विहीर आधी की तारा आधी?

येथे एक आक्षेप येतो आणि तो टाळून चालणार नाही. हिंगोली हा वारंवार टंचाई सोसणारा भाग. तेथील शेतकरी विचारील, "आमच्या विहिरीला पाणी नाही आणि सरकार कृष्णविवरांचा आवाज ऐकणार?" हा प्रश्न अज्ञानातून येतो असे मी मानीत नाही. तो हिशेबाचा प्रश्न आहे आणि त्याला हिशेबानेच उत्तर दिले पाहिजे.

पहिली गोष्ट म्हणजे प्रमाण. शेती, वैद्यक, संरक्षण, अवकाश असे सर्व प्रकारचे संशोधन धरून आपल्या देशाने २०२०-२१ साली राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के रक्कम संशोधनावर खर्च केली. म्हणजे शंभर रुपयांत चौसष्ट पैसे. ताऱ्यांच्या गणिताचा वाटा त्या चौसष्ट पैशांतलाही एक अगदी लहान तुकडा आहे. विहीर कोरडी राहते ती या तुकड्यामुळे नव्हे.

दुसरी गोष्ट उपयोगाची. आपल्या किनाऱ्यावरून खोल समुद्रात जाणारा ट्रॉलर आज उपग्रहांच्या साहाय्याने आपले ठिकाण ओळखतो. त्या उपग्रहांवरील घड्याळे पृथ्वीवरील घड्याळांपेक्षा रोज सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात, आणि ती दुरुस्ती आइन्स्टाइनच्या सिद्धांतानुसार करावी लागते. ती केली नाही तर एका दिवसात ठिकाणात सुमारे दहा किलोमीटरची चूक होईल. १९१५ साली गुरुत्वाकर्षणाचा हा सिद्धांत मांडला गेला तेव्हा मासेमारीशी त्याचा संबंध येईल असे कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

तरीही मी आपल्याला असे आश्वासन देणार नाही, की प्रत्येक समीकरणातून पुढे एखादे यंत्र निघेल. पुष्कळ समीकरणांतून काहीच निघणार नाही. जे निघेल ते आपल्या नातवंडांच्या काळात निघेल. शासनाने किंवा शास्त्रज्ञांनी खोट्या आशा दाखवून पैसा मागणे योग्य नाही. कारण आश्वासन पुरे झाले नाही म्हणजे लोकांचा विश्वास जातो, आणि विश्वास गेला की अनुदानही जाते. विश्व कसे चालते हे समजून घेण्याची इच्छा हीच या संशोधनामागची खरी प्रेरणा आहे. ही इच्छा केवळ श्रीमंत देशांनीच करावी असा काही नियम नाही.

तिसरी गोष्ट मला स्वतःला सर्वांत महत्त्वाची वाटते. मोठ्या यंत्रासाठी मोठी रक्कम एकदा मंजूर होते, तिचे कोनशिला-समारंभ होतात, छायाचित्रे छापली जातात. ते आमच्या खात्याचेच काम आहे. परंतु विद्यार्थ्याची फेलोशिप दरमहा मिळावी लागते. १ जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधकाची फेलोशिप दरमहा ३७,००० रुपये करण्यात आली. ही रक्कम चार महिने अडली, तर लहान गावातून आलेला, घरी पैसे पाठविणारा विद्यार्थी आधी गळतो. श्रीमंताचा मुलगा थांबू शकतो. म्हणून अनुदान किती, याइतकाच ते वेळेवर पोहोचते की नाही, हाही न्यायाचा प्रश्न आहे. पाटणच्या घाण्यावरचे तेल वर्षातून एकदा मोठा घडा भरून मिळाले असते, तर मठातील दिवा मधल्या दिवसांत विझला असता.

आपल्या हातातील काम

आपण येथे जमलेल्यांपैकी कोणाच्याही हाती कोट्यवधींचे अनुदान नाही. तरी तीन गोष्टी आपल्या हाती निश्चित आहेत.

माझ्या कचेरीतील बांधवांना मी सांगेन की, एखाद्या महाविद्यालयीन अध्यापकाचा आयुकासारख्या केंद्रात जाण्यासाठी रजेचा अर्ज किंवा ना-हरकत दाखल्याचा कागद आपल्या टेबलावर आला, तर तो त्याच आठवड्यात पुढे जाऊ द्या. त्याची परिषद किंवा निवासाचा कालावधी संपल्यावर मिळालेली मंजुरी निरुपयोगी असते. आपली एक सही हेसुद्धा संशोधनाचे पाठबळच आहे आणि त्याला कोणत्याही अंदाजपत्रकात तरतूद लागत नाही.

शिक्षकांना मी जयंत नारळीकरांच्या एका रीतीची आठवण देतो. स्वाक्षरी मागण्यास येणाऱ्या मुलांना ते सांगत, की पोस्टकार्डावर विज्ञानाचा एक प्रश्न लिहून पाठव. मी सहीसह उत्तर पाठवीन. २० मे २०२५ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले. विज्ञानकथा, लेख आणि आत्मचरित्र यांतून त्यांनी हे शास्त्र आयुष्यभर मराठीत सांगितले. 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्रास २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आयुकाच्या आवारात मुलांसाठी मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे. तिची 'पुलस्त्य' ही इमारत पु. ल. देशपांडे यांच्या नावाच्या प्रतिष्ठानच्या देणगीतून उभी राहिली. मराठी वाचकाने विनोदी लेखकाच्या पुस्तकांवर केलेले प्रेम अशा रीतीने मुलांच्या विज्ञानशाळेपर्यंत पोहोचले. आपल्या वर्गातील मुलाने न शिकविलेला प्रश्न विचारला, तर तो फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. उत्तर त्याच तासाला आलेच पाहिजे असे नाही.

आणि गावकरी बंधुभगिनींना माझी विनंती अशी की, आपली मुलगी किंवा मुलगा पदार्थविज्ञान वा गणित घेऊन पुढे शिकू इच्छीत असेल, तर "याने पोट कसे भरणार?" हा प्रश्न जरूर विचारा, पण उत्तर ऐकून घेण्याइतका वेळ द्या. फेलोशिप कोणत्या परीक्षेतून मिळते, अर्ज केव्हा करावयाचा, याची माहिती शिक्षकाकडून घ्या. त्याचप्रमाणे आपल्या लोकप्रतिनिधींना रस्ता व पाणी यांविषयी विचारता तसेच, तालुक्याच्या महाविद्यालयातील विज्ञान विषयांची रिक्त अध्यापकपदे केव्हा भरणार, हेही विचारा. वैद्य बनारसला पोहोचले ते तेथे शिकविणारा कोणी होता म्हणून. जेथे अध्यापकच नाही तेथे विद्यार्थी कोणाकडे जाणार?

बंधुभगिनींनो, १२०७ साली पाटणच्या बाजारात तेल घालणाऱ्या त्या घाणेवाल्याला ग्रहगणित येत होते असे समजण्याचे कारण नाही. त्याला एवढेच माहीत होते, की गावात एक मठ आहे, तेथे आकाशाचा हिशेब शिकविला जातो आणि त्यात आपली पळी आहे. आजही कररूपाने आपण प्रत्येक जण अशी पळी घालीतच असतो. ती कोठे जाते हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे, आणि विचारल्यावर समजेल अशा भाषेत सांगणे हे आमचे काम आहे.  आता आपले प्रश्न ऐकावयास मी उत्सुक आहे.

जय हिंद.